पास्काची मेणबत्ती, २०२५ : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वसईतील आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) उपासना समितीने गेल्या वर्षी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणविधीसाठी एका लहान कारखान्यातून खऱ्या मेणाची मोठी मेणबत्ती मागवली. ती मागवण्याचे, आल्यावर तपासून घेण्याचे आणि पुढे तिची निगा राखण्याचे काम माझ्याकडे होते. यंदा, २०२६ साली, राखेचा बुधवार (पास्काआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) १८ फेब्रुवारीला आहे आणि पास्काचा सण ५ एप्रिलला, म्हणजे अनेक धर्मग्रामांत या खरेदीची बोलणी आता सुरू होतील. त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा अभिप्राय लिहिते आहे. मात्र मेणबत्ती चांगली की वाईट हे सांगण्याआधी ती कशासाठी आहे हे सांगावे लागते, आणि ते सांगायला गेले की पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे म्हणजे नेमका कशावर आहे, या प्रश्नापाशी यावेच लागते. त्यामुळे हा अभिप्राय थोडा लांबला आहे.

याआधीची चार वर्षे आमच्याकडे तेलाची मेणबत्ती होती. पांढऱ्या नायलॉनच्या जाड नळीत वरच्या टोकाला द्रव पॅराफिनची कुपी बसवायची, कुपी रिकामी झाली की भरायची, आणि पास्का जवळ आला की जुन्या वर्षाचे चिकटचित्र खरवडून नव्या वर्षाचे लावायचे, एवढेच तिचे काम होते. ती स्वस्त पडत होती, ओघळत नव्हती, काजळी धरत नव्हती आणि वेदीजवळचा गालिचाही खराब करत नव्हती. समितीत तिच्या बाजूने बोलणारे पुष्कळ होते आणि त्यांचे म्हणणे खर्चाच्या हिशेबाने चुकीचे नव्हते. पण रोममधून १९८८ साली पास्काच्या विधींसंबंधी जे परिपत्रक निघाले, त्यात ही मेणबत्ती मेणाचीच असावी, ती कधीही कृत्रिम नसावी, दरवर्षी नवी असावी, एकच असावी आणि ख्रिस्त जगाचा प्रकाश आहे हे पाहणाऱ्याला जाणवेल एवढी मोठी असावी, असे स्पष्ट म्हटले आहे. हे कलम मी समितीत वाचून दाखवले तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी सरळ विचारले, ‘‘बाई, ज्योत तर दोन्हीकडे सारखीच पेटते ना? मग फरक कुठे पडतो?’’ त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या बैठकीत नीट देता आले नाही. पुढच्या काही महिन्यांत ते मिळत गेले.

वस्तू कशी आहे ते आधी सांगते. उंची सव्वातीन फूट, व्यास अडीच इंच, वजन सुमारे तीन किलो. कारखान्याच्या सांगण्यानुसार निम्म्याहून थोडे अधिक मेण मधमाश्यांचे आहे आणि बाकीचे पॅराफिन. आमच्या मेणबत्तीला साडेपाच हजार रुपये पडले, बांधणी आणि पाठवणीचा खर्च वेगळा. पेटी उघडल्याबरोबर मधाचा मंद वास आला आणि तो अजूनही, मेणबत्ती पेटलेली नसतानाही, जवळ गेले की येतो. रंग पांढराफेक नाही. साजूक तूप थिजल्यावर दिसते तसा आहे. क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतले पहिले आणि शेवटचे अक्षर) आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत २, ०, २, ५ हे अंक रंगीत मेणाचे उठावदार केलेले आहेत. चिकटचित्र नाही, हे विशेष. अंकांची कड बोटाला जाणवते. रेषा सुबक आहेत, पण जेथे उगाच सोनेरी नक्षी करता आली असती तेथे कारागिराने हात आवरला आहे, आणि ही मला या मेणबत्तीतील सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

आता दोष. क्रुसावर धुपाचे पाच खडे खोचण्यासाठी पाच छिद्रे लागतात आणि खडे मेणाच्या लहान खिळ्यांत बसवलेले येतात. आमच्या मेणबत्तीचे खालचे छिद्र अर्ध्यावरच बुजलेले होते. हे लक्षात आले ते पवित्र शनिवारी दुपारी, तालमीच्या वेळी. कारखान्याला कळवून काही होण्यासारखे नव्हते. मी घरून विणकामाची सुई आणली, ती तापवली आणि मेणात हळूहळू फिरवत ते छिद्र मोकळे केले. तीन किलोची मेणबत्ती मांडीवर आडवी घेऊन, तिच्या अंगात तापलेली सुई घालताना मला जे वाटले ते सांगणे कठीण आहे. पाच खडे म्हणजे प्रभूच्या पाच जखमा, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ते घाव कोणाला तरी करावे लागतात, हे त्या दिवशी हाताला कळले.

पुनरुत्थानाच्या वृत्तान्तांत मला सर्वांत विलक्षण वाटते ती ही गोष्ट. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला प्रभू शिष्यांपुढे येतो तेव्हा तो आपले हात आणि आपली कूस दाखवतो, आणि आठ दिवसांनी शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याच जखमांकडे बोलावतो. जो मरणावर मात करून आला, त्याच्या अंगावरचे वण पुसले गेलेले नाहीत. एखाद्याने हा प्रसंग कल्पनेने रचला असता, तर विजयी देह निष्कलंक, झळाळता रचला असता. शुभवर्तमानांतला प्रभू मात्र कबरीबाहेर मरिया माग्दालियेला माळी वाटतो, अम्माऊसच्या वाटेवर दोघांना वाटसरू वाटतो आणि सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासे भाजून शिष्यांना न्याहारी देतो. तोच तो आहे, तरी पूर्वीसारखा नाही. आणि तोच तो आहे याची खूण त्याच्या जखमा आहेत. म्हणून ज्या माणसाच्या आयुष्यात काही कायमचे मोडले आहे, मूल गेले आहे, देह आजाराने पिंजला आहे, त्याला पुनरुत्थानाचा संदेश सांगताना ‘हे सारे विसरले जाईल’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच्या जखमेसकट त्याला उठवले जाईल आणि ती जखम तेव्हा त्याला मारणार नाही, एवढे आपण सांगू शकतो. मला हे अधिक खरे वाटते आणि अधिक आशेचेही.

रात्रीच्या विधीत मेणबत्तीने आपले काम चोख केले. चर्चच्या अंगणात नवा अग्नी पेटवून त्यावरून ती पेटवायची असते आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे रात्रीही खारा वारा सुटलेला असतो. वात जाड असल्यामुळे ज्योत तीनदा वाकली, पण विझली नाही. टोकाला वाऱ्याचा आडोसा देणारी पितळी टोपी कारखाना सोबत देत नाही. त्यामुळे वितळलेले मेण मिरवणुकीत फादरांच्या हातावर ओघळले. टोपी वेगळी घ्यावी, कारखान्यावर विसंबू नये. दारात एकदा, मध्यभागी एकदा आणि वेदीसमोर एकदा ती उंच धरली गेली, ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ ही ललकारी तीन वेळा झाली आणि पूर्ण अंधारलेल्या चर्चमध्ये तिच्यावरून लोकांच्या हातांतल्या मेणबत्त्या पेटत मागच्या बाकांपर्यंत उजेड गेला. त्यानंतर गायल्या जाणाऱ्या पास्काच्या घोषणेत मधमाश्यांचा आणि त्यांच्या मेणाचा उल्लेख येतो. चार वर्षे आम्ही तो नायलॉनच्या नळीसमोर उभे राहून गात होतो.

हा विधी रात्रीच व्हावा हे आज आपण गृहीत धरतो, पण पोप बारावे पायस यांनी १९५१ साली तो पुन्हा रात्री आणेपर्यंत शतकानुशतके तो शनिवारी सकाळी उरकला जात होता. भर उन्हात पेटवलेली मेणबत्ती अंधारावर मात कशी दाखवणार? माझी आजी त्या जुन्या काळाची. पहिल्यांदा रात्रीचा विधी झाला तेव्हा पुनरुत्थान काळोखात घडले होते हे आपल्याला डोळ्यांनी दिसले, असे ती सांगत असे.

२०२५च्या पास्काची आणखी एक आठवण या मेणबत्तीशी जोडली गेली आहे. त्या वर्षी पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा पास्का २० एप्रिल या एकाच दिवशी आला होता. पास्काची तारीख सर्वांनी मिळून पाळावी असे ठरवणाऱ्या निकेयाच्या परिषदेलाही त्याच वर्षी १७०० वर्षे झाली. त्या रविवारी पोप फ्रान्सिस यांनी थकलेल्या आवाजात लोकांना पास्काच्या शुभेच्छा दिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवाघरी गेले. त्यानंतरच्या दिवसांत संत पेत्राच्या महामंदिरात त्यांची साधी लाकडी शवपेटी आणि तिच्याजवळ पेटलेली पास्काची मेणबत्ती टीव्हीवर दिसत होती. आमच्याकडे कोणी कोणाला काही समजावून सांगितले नाही. पण पास्काच्या सणासाठी आणलेली मेणबत्ती शवपेटीजवळ का लावतात, हे त्या आठवड्यात मुलांनाही कळले असावे.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात अंत्यविधीतून ख्रिस्ती मरणाचे पास्काशी असलेले नाते अधिक स्पष्ट दिसावे, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. अंत्यविधीत धर्मगुरूंच्या काळ्या वस्त्रांच्या जोडीला पांढरी वस्त्रे आली ती त्यातूनच. पन्नास दिवसांचा पास्काकाळ संपला, पेन्टेकॉस्टचा सण झाला, की ही मेणबत्ती वेदीजवळून हलवून बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ ठेवतात आणि त्यानंतर ती मुख्यत्वे दोनच प्रसंगी पेटते : कोणाचा बाप्तिस्मा असेल तेव्हा आणि कोणाची अंत्यविधीची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) असेल तेव्हा. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालणे. हे वाक्य अवघड वाटते. कुंडाजवळच्या त्या मेणबत्तीकडे पाहिले की ते सोपे होते.

जून महिन्यात माझ्या भाचीच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. तिच्या धर्मपित्याने या मेणबत्तीवरून एक लहान मेणबत्ती पेटवून घेतली आणि बाळ त्या ज्योतीकडे टक लावून पाहत राहिले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात माझे वडील गेले. पाऊस असा होता की काडेपेटी सादळली होती आणि सॅक्रिस्टीतल्या (चर्चमधल्या उपासनेच्या साहित्याच्या खोलीतल्या) मुलाला चौथ्या काडीला मेणबत्ती पेटवता आली. शवपेटीच्या उशाशी ती उभी केली तेव्हा मी नको असूनही तिची उंची पाहिली, सवयीने. ती वीतभर कमी झाली होती. त्या जळून गेलेल्या वीतभर मेणात पास्काची रात्र होती, पन्नास दिवसांच्या मिस्सा होत्या आणि त्या बाळाचा बाप्तिस्मा होता. समितीतल्या ज्येष्ठांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. तेलाची मेणबत्ती वर्षभर जळूनही तेवढीच राहते. तिचा उजेड कशाच्याही बदल्यात आलेला नसतो. जी मेणबत्ती स्वतः कमी होते, तिचाच उजेड माझ्या वडिलांच्या उशाशी खरे बोलू शकत होता, कारण ख्रिस्ताचे पुनरुत्थान मरणाला वळसा घालून झालेले नाही. तो मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठवला गेला. यातील पहिली दोन क्रियापदे गाळली तर तिसऱ्याला अर्थ उरत नाही.

अंत्यविधीला आलेल्या शेजारच्या काकूंनी पुढे एकदा मला विचारले, ‘‘अगं, आत्मा अमर आहे असं आम्हीही मानतो. जुनं वस्त्र टाकून नवं नेसावं तसं. मग तुमचं वेगळं काय?’’ प्रश्न आस्थेचा होता. मी त्यांना सांगितले की आमच्या विश्वासात देह वस्त्रासारखा टाकून द्यायचा नाही. देवाने माणूस घडवला तो देहासकट, आणि तो वाचवणार आहे तोही देहासकट. आमच्या पंथसारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आम्ही आत्म्याच्या अमरत्वाशी थांबत नाही, मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो असे म्हणतो. बाबांचे खरबरीत हात, त्यांची वाकलेली पाठ, त्यांचे हसू, यांतले काहीही देवाच्या लेखी टाकाऊ नाही. काकू म्हणाल्या, ‘‘मग तुम्हाला ते माणूस म्हणूनच परत भेटणार.’’ होय, एवढेच. यापेक्षा सोप्या शब्दांत मला ते कधी सांगता आले नव्हते.

कसे भेटणार, हा प्रश्न करिंथच्या लोकांनाही पडला होता. ख्रिस्ताच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी त्यांना पत्र लिहिताना पौलाने बियाण्याचे उदाहरण दिले : पेरलेला दाणा मेल्याशिवाय जिवंत होत नाही आणि पेरतो तो दाणा असतो, उगवणारे रोप वेगळे दिसते. माझे वडील शेतकरी होते. राबात भाताचे बी टाकून आठवड्याने हिरवी लव उगवलेली त्यांनी आयुष्यभर पाहिली. हा भाग वाचला जाई तेव्हा ते मान डोलावत, इतर वाचनांना तशी डोलावत नसत. त्याच अध्यायात पौल अगदी परखडपणे म्हणतो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचे सांगणे पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ. विश्वास म्हणजे केवळ मनाला धीर देणारी एक सुंदर कल्पना, ही पळवाट त्याने कोणासाठीच ठेवलेली नाही आणि ती आपणही शोधू नये असे मला वाटते.

देहाला आणि मातीला असे मोल असेल, तर त्याचे परिणाम आज, याच गावात दिसले पाहिजेत. मृतदेहाची आणि अस्थींची विटंबना होऊ नये, दहन केले तरी रक्षा पवित्र स्थानी ठेवावी, असे २०१६ सालच्या रोमच्या सूचनापत्रात सांगितले आहे. दहनाला परवानगी १९६३पासूनच आहे. पण गोष्ट मृतांपुरती नाही. सारी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांत कण्हत मुक्तीची वाट पाहत आहे, असे पौल रोमकरांस लिहितो. जुलै २०२४मध्ये आपल्यातून गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बिल्डरांच्या दहशतीसमोर हरित वसईची चळवळ उभी केली. एका धर्मगुरूने विहिरी, बागायती आणि शेतजमिनी यांसाठी रस्त्यावर का उतरावे, असे तेव्हा अनेकांनी विचारले असेल. पुनरुत्थानावरचा विश्वास ज्याने देहासकट आणि मातीसकट स्वीकारला आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. नव्या पृथ्वीची वाट पाहणाऱ्याने हातातली पृथ्वी विकून टाकायची नसते.

आता वापराविषयीच्या काही उपयुक्त गोष्टी. मेणबत्ती पेटवण्याआधी प्रत्येक वेळी वात पाव इंचापर्यंत कापावी, नाहीतर काजळी धरते. विझवल्यावर, मेण कोमट असतानाच, वरची कड अंगठ्याने आतल्या बाजूला हलकेच दाबावी. तसे न केल्यास मधोमध खड्डा पडत जातो आणि बाजूचे मेण न जळता उभे राहते. आमच्याकडे पहिल्या दोन आठवड्यांत असे झाले होते. मे महिन्यात खिडकीतून येणारे ऊन तिच्यावर पडणार नाही अशी जागा निवडावी. पेन्टेकॉस्टपर्यंत पाऊण वीत मेण जळते, म्हणजे सव्वातीन फूट उंची आमच्यासारख्या मोठ्या धर्मग्रामालाही पुरून उरते. लहान धर्मग्रामांनी अडीच फुटांची घेतली तरी चालेल, पण व्यास कमी करू नये. आगाऊ मागणी किमान सहा आठवडे आधी द्यावी. कारखान्याशी बोलणे फोनवरच होते, ते लोक सौजन्याने बोलतात आणि बुजलेल्या छिद्राविषयी कळवले तेव्हा त्यांनी चूक मान्य केली.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, संध्याकाळी कबरस्थानात घरोघरच्या मेणबत्त्या लागल्या होत्या. बाबांच्या कबरीवरची माती पावसाने खचली होती, ती भावाने सारखी केली. भाची मुलीला घेऊन आली होती आणि बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली तिची लहान मेणबत्तीही तिने सोबत आणली होती. तीच तेथे लावली.

२०२६च्या मेणबत्तीची मागणी आम्ही त्याच कारखान्याकडे नोंदवली आहे, त्याच मापाची; पितळी टोपी वेगळ्या दुकानातून घेतली. पाचही छिद्रे आरपार तपासून पाठवावीत असे पत्रात लिहिले आहे, आणि विणकामाची सुई या वेळी मी सॅक्रिस्टीतच ठेवली आहे. जुनी मेणबत्ती ४ एप्रिलच्या रात्रीपर्यंत कुंडाजवळ उभी राहील. परवा मोजली तेव्हा दोन फूट सहा इंच भरली.